मंगळवारी बंद

मंगळवार सोडून कुठलाही, ओर्तांस म्हणते,
आणि भरती-ओहोटीच्या कॅलेंडरवर
पेन्सिलीने गोल काढते. गुरुवार.

मला हसू येतं.
एकोणीस वर्षं मी तिथे मंगळवारीच गेले,
बंद असतं म्हणूनच.
बादली, रबरी पातं, लांब शिडी,
आणि शिडी धरून खाली गील्दास,
जो वर कधी बघायचा नाही,
वर बघितलं की त्यालाच चक्कर.

समुद्राकडच्या अकरा खिडक्या.
पश्चिमेचा वारा असला की दोन दिवसांत
काचेवर मीठ धरायचं, दुधावर साय धरते तसं,
आणि आतल्या बायका, आतले बिशप,
ताटातली ती मेलेली मासळी
सगळी धुक्यात जायची.
मी पाणी मारलं की एकेक जण परत यायचं.
खाल्ल्या मिठाला जागावं म्हणतात.
मी पुसल्या मिठावर घर चालवलं,
दोन मुलगे वाढवले,
धाकट्याला सायकल घेतली, लाल.

सातव्या खिडकीतून ती दिसायची.
मोहरीच्या रंगाचा घागरा, बाह्या वर सारलेल्या,
उजवा हात पुढे केलेला,
आणि मनगटापाशी नेमका भिंतीचा खांब.
पुढचा पंजा, पंज्यात जे काय असेल ते,
खांबापलीकडे.
एकदा शिडीवरून इतकी वाकले
की गील्दासने खालून आईवरून शिवी घातली.

मग मीच तिच्या हातात काहीबाही ठेवत गेले.
अंडं. पत्र. कुणाचा तरी कान, पिळायला धरलेला.
ज्या वर्षी नवरा बोट विकून निघून गेला
त्या वर्षी थप्पड.
नंतर बरीच वर्षं काहीच नाही,
नुसता पुढे केलेला हात.

ओर्तांसला यातलं काही माहीत नाही.
तिला माझ्या खुब्याची काळजी. बाहेरच्या सतरा पायऱ्या.
चौदा नंबरची बस, परतीची शेवटची सहा दहाला,
चुकली तर तिच्या भाच्याची व्हॅन,
जिला कालवांचा वास येतो.
पेन्शनवाल्यांना अर्धं तिकीट, कार्ड मात्र न्यायचं.
सँडविच आत चालत नाही,
बाहेर खायचं तर सीगल पक्षी सोडत नाहीत,
म्हणून निघण्याआधीच जेवायचं, साडेअकराला,
आणि बुधवारी केस सेट करून घ्यायचे.
चित्रं काय तुझे केस बघणार आहेत, मी म्हटलं.
ती म्हणाली, त्यांचं तरी काय, रोज तीच तोंडं.

काल फोन केला. लिफ्ट आहे का विचारायला.
एक पोरगा बोलला, आवाज अजून नीट फुटलेला नाही.
लिफ्ट आहे म्हणाला. मग आपणहूनच,
मादाम, एखादं ठरावीक चित्र बघायचंय का?
मी सांगतो, भिंतीवर आहे की खाली तळघरात.
मी सांगितलं. मोहरीचा घागरा.
हो हो, आहे की, ती ना, जिच्या हातात—
नको, मी म्हटलं.
इतक्या जोरात, की मांजर उठून गेलं.
एवढंच सांग, समोर बसायला बाक आहे का?

त्याने फोन टेबलावर ठेवला आणि बघायला गेला.
त्याचे बूट लाकडी जमिनीवर लांब जात राहिले.
ती जमीन मला फक्त चकाकी म्हणून माहीत.
वाजते कशी, ते काल कळलं.

धापा टाकत आला.
आहे. पण दोघांपुरताच, मादाम.
आम्ही दोघीच आहोत.
आणि ऊन असेल तर या, तो म्हणाला,
समुद्राकडच्या काचांतून हल्ली उजेडच येत नाही,
मीठ बसलंय.

पर्स भरून ठेवलीय.
चष्मा, गोळ्या, पेन्शनचं कार्ड, पेपरमिंट.
ओर्तांस म्हणते, हे फडकं कशाला घेतेस?
मीठ बाहेरच्या बाजूला असतं,
आतून पुसून जायचं नाही,
हे माझ्याइतकं कुणाला ठाऊक.
असू दे, म्हटलं.